हुपरीची चांदी, मलकापूरचं पातं

इस्माईल, तुझ्या आत्म्याला शांती लाभो असं मी कुठंही म्हटलेलं नाही. डॉक्टर मंडळींनी तुझी शोकसभा भरवली, तिथं माझी पाळी आली तेव्हा उठलो, माईकसमोर गेलो आणि 'मला जे बोलायचं ते मी त्याच्याशीच बोलेन' एवढं सांगून खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांचा कंठ दाटला. कंठबिंठ काही दाटला नव्हता, टाळकं फिरलं होतं. माझ्या आधी जे जे बोलले त्या सगळ्यांनी एकच शब्द वापरला होता. सुटले. डॉक्टर शिकलगार सुटले बिचारे. जसा काही तू कुठं कोंडला होतास आणि कुणी मेहेरबानी करून कडी काढली.

तू सुटला नाहीस. तुला ओढून नेलं, रोज थोडं थोडं, आमच्या डोळ्यांदेखत, आणि तू शेवटपर्यंत उंबऱ्याला पाय लावून उभा होतास. पोराचं नाव आठवत नव्हतं त्या दिवसांतही हातात काचेची स्लाइड दिली की तू ती खिडकीच्या उजेडाकडे धरून डोळा बारीक करायचास. काय दिसायचं ते देव जाणे. पण धरायचास.

बाहेर चपला घालताना आणखी ऐकलं. 'आयुष्यभर दुसऱ्यांचे मेंदू बघितले आणि शेवटी ह्याचाच गेला की.' हसत नव्हते ते, पण वाक्य चघळत होते. मी मागं वळून म्हणालो, 'त्याचाही बघणार आहोत आम्ही.' त्यांच्या चपला घालायच्या राहिल्या.

तर तेच सांगायला बसलोय. बघितला.

पण असं एकदम शेवटाला गेलेलं तुला आवडायचं नाही. मेंदू हातात आला की कापायची घाई करणाऱ्या पोरांवर तू ओरडायचास, 'आधी मुरू दे! फॉर्मॅलिनमध्ये मुरल्याबिगर सुरी लावशील तर चिखल हुईल.' म्हणून पहिल्यापासून सांगतो. ऐकावं लागेल तुला, उठून जायची सोय नाही आता.

आपण मलकापूरच्या शाळेत एका बाकावरचे. तू विळ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या घरातला, मी भात लावणाऱ्याच्या. तू पॅथॉलॉजिस्ट झालास, लक्ष्मीपुरीत लॅब काढलीस. पुढच्या खोलीत रक्त आणि लघवी, त्यावर घर चालायचं. मागच्या खोलीत मेंदू, त्यावर तू चालायचास. मी कोल्हापुरातच कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागलो आणि तुझ्या मागच्या खोलीत मला कायमची खुर्ची मिळाली. तिचा एक पाय आखूड होता. तू कधीही दुरुस्त केला नाहीस, म्हणायचास, मास्तर जागा राहतो.

तिथं मायक्रोटोम होता. मेणात बसवलेल्या मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढणारं यंत्र. यंत्र परदेशी होतं पण त्याचं सगळं अवसान पात्यात, आणि पात्याला तू कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. आधी दगडावर, मग चामड्याच्या पट्ट्यावर, तासन् तास. 'बाप विळं लावायचा, थोरला कात्री लावतो, मी ह्ये लावतो. धंदा त्योच की, शिवा.' ह्यात विनय नव्हता. माज होता, आणि मला तो फार आवडायचा.

तुझ्या अम्माचं विसरणं सुरू झालं तेव्हा तिनं पन्नाशी नुकती ओलांडली होती. मी तुझ्याबरोबर मलकापूरला आलो होतो त्या दिवशी ती ओट्यावर बसलेली. तुझ्याकडं बघून पदर सारखा केला आणि म्हणाली, 'बसा पावणं. च्या ठेवते. माझा धाकटा डाक्तर हाय कोल्हापुरात, येईलच एवढ्यात.' तू बसलास. चहा प्यालास. परत निघताना तिला म्हणालास, 'तुमच्या धाकट्याला भेटूनच जाणार हुतो, पण उशीर झाला.' एस.टी.त तू खिडकीकडं तोंड करून बसलास.

गावानं सांगितलं बाहेरचं आहे. शहरातल्या तुझ्याच भाऊबंद डॉक्टरांनी सांगितलं म्हातारचळ आहे, त्याला काय करायचं. 'पन्नाशीत म्हातारचळ?' तू टेबलावर मूठ आपटलीस. 'म्हातारचळ म्हंजे काय ते तरी दाखवा मला. पेशीत कुठं हाय? कुठल्या पेशीत?' त्यांनी खांदे उडवले. त्या खांदे उडवण्याचा राग तुला शेवटपर्यंत पुरला, आणि आता तो मला आलाय.

तुझ्या थोरल्या भावाला, उस्मानभाईंना, मात्र तुझा राग यायचा. अम्मा त्यांच्याकडं. न्हाऊ घालणं, भरवणं, भर दुपारी नदीकडं चालत सुटली की हाताला धरून आणणं, सगळं ते आणि त्यांची बायको करायची. तू रविवारी जाऊन तिला कोडी घालायचास, विसरणं तपासायला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगायचास. एकदा ते कात्री घासता घासता म्हणाले, 'तू काचा बघ. मी अम्माला बघतो.' तुला ते फार लागलं होतं.

तोडा त्यांनीच दिला. अम्माच्या पायात चांदीचे दोन तोडे होते, लग्नातले, हुपरीच्या घडणीचे. एक तिनं काढून कुठं टाकला ते कुणाला कळलं नाही. दुसरा जायच्या आत उस्मानभाईंनी तुझ्या हातात ठेवला. आणि तू दुसऱ्या दिवशी तो रुमालात बांधून माझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये हजर.

चांदी कशाला लागते हे मला तेव्हा तूच शिकवलंस. नेहमीच्या रंगात मेंदूच्या पेशी जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांसारख्या दिसतात आणि सगळं आलबेल वाटतं. हा आजार त्या रंगाला दादच देत नाही. पण सिल्व्हर नायट्रेटमध्ये काप बुडवला की चांदी पेशीतल्या धाग्यांना जाऊन चिकटते, आणि मग फोटोच्या फिल्मसारखी काळी पडते. बिघडलेल्या पेशीत कंगव्यात अडकलेल्या केसांसारखा गुंता दिसतो, पेशींच्या मधे काळे डाग दिसतात. तुझं सिल्व्हर नायट्रेट मुंबईहून यायचं आणि कित्येक महिने आलं नव्हतं.

'हुपरी उशाला असताना मुंबईची वाट कशाला बघायची?' तू रुमाल सोडलास. 'विरघळव.'

'अम्माचा आहे रे.'

'म्हणूनच.'

मी तोड्याचे तुकडे करून नायट्रिक ॲसिडमध्ये टाकले. तपकिरी धूर निघाला, चांदी विरघळली आणि पाणी निळंशार झालं. तू खूश! कसला सुंदर रंग आला म्हणालास. मोठा पॅथॉलॉजिस्ट, आणि तांबं ओळखता येईना. मी पोट धरून हसलो. दागिना पायात टिकायचा तर चांदीत भर घालावीच लागते, नुसती चांदी वाकते, हे हुपरीतलं शेंबडं पोरही सांगेल. तुझ्या डोक्यात मात्र हुपरीची चांदी म्हणजे चांदी, संपलं. मी तुला तसंच वापर म्हणालो असतो तर तू त्या निळ्या पाण्यात मेंदू बुडवला असतास.

मग मीठ टाकलं. चांदी दह्यासारखी पांढरी होऊन तळाला बसली, तांबं वर निळ्या पाण्यात राहिलं. ते ओतलं, धुतलं, जस्त घालून पुन्हा राखाडी चांदी केली, पुन्हा ॲसिडमध्ये. शेवटी बशीत पांढरे स्फटिक धरले. तू सगळा वेळ स्टुलावर बसून होतास, बाळंतिणीच्या नवऱ्यासारखा. ते स्फटिक तपकिरी बाटलीत भरून वर काळा कागद गुंडाळलास आणि चिठ्ठी चिकटवलीस. मला वाटलं रसायनाचं नाव लिहिशील. तू 'अम्मा' लिहिलंस.

सराव बकऱ्याच्या भेज्यावर झाला. मटण मार्केटमधून तू भेजा आणायचास, अर्धा मागच्या खोलीत, अर्धा रुकय्या वहिनींच्या तव्यावर. एकदा त्यांनी निक्षून सांगितलं, 'आधी माझा वाटा द्यायचा, मग तुमचं अवशीद घालायचं. एकाच हातानं दोन्हीकडं गेलात तर मी जेवायला वाढणार न्हाय.' बरोबरच होतं त्यांचं. पहिले काप सगळे वाया गेले. कधी लोखंडी चिमटा लागला म्हणून डाग पडले, कधी नळाच्या पाण्यानं भांडी विसळली म्हणून पांढरा गाळ आला. मग नियम झाले. काचेची कांडी, ऊर्ध्वपातित पाणी, आणि सगळ्यात मोठा नियम, जो तू दारावर लिहून लावला होतास. चांदीत अमोनिया घालून केलेलं द्रावण काम झालं की लगेच टाकून द्यायचं. ठेवलं आणि वाळलं तर बाटली हातात फुटते.

मग जयसिंगपूरचे ते निवृत्त मास्तर गेले. त्यांची मुलगी स्वतः तुझ्याकडं आली. 'गावात बाबांना येडा म्हणायचे. त्यांना काय झालतं ते मला कळलं पाहिजे,' एवढंच म्हणाली. त्यांच्या कापात पहिल्यांदा आपल्याला ते काळे गुंते दिसले. तू मला मायक्रोस्कोपकडं ढकललंस आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागलास. त्या मुलीला बोलावून दाखवलंस, आणि ती बाई रडली नाही, ताठ झाली.

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, ते आजपर्यंत. तू म्हणायचास, आजार. मी म्हणायचो, मास्तर पंच्याहत्तरीचे होते, वय झालं की हे व्हायचंच. केस पिकणं हा काय आजार आहे?

'केस पिकलं म्हणून माणूस लेकराला पावणं म्हणतो व्हय?' तू ओरडलास.

तरी मी भांडत राहिलो. कारण पुरावा म्हणून अम्माचा मेंदू लागला असता, आणि ते आपण दोघंही बोलत नव्हतो. अम्मा गेली तेव्हा तू मूठभर माती घातलीस आणि परत आलास. मागितलं नाहीस. त्या दिवशी बाटलीवरची धूळ पुसलीस आणि पुन्हा कपाटात ठेवलीस, एवढंच मी बघितलं.

पुढं कितीतरी वर्षं बरी गेली. मग एका दुपारी मी आलो तर तू पुढच्या खोलीत होतास आणि मागं, फळीवर, अमोनियावाली चांदी झाकण लावून ठेवलेली. कडेला वाळायला लागलेली. दारावरच्या तुझ्याच नियमाच्या बरोबर समोर. मी ती पातळ करून मोरीत ओतली. तुला म्हणालो, कुणी ठेवली रे ही? तू आलेल्या गेलेल्या पोरांना शिव्या घातल्यास. पोरं महिन्याभरात त्या खोलीत आली नव्हती. ते तुलाही आठवलं असावं, कारण शिवी अर्ध्यात थांबली.

नंतर पात्याला दाता पडला. तू, शिकलगाराचा मुलगा, पातं उलटं घासत होतास.

मी अजून वाट बघत होतो तू काहीतरी थट्टेवारी नेशील म्हणून. पण तू मला आणि वहिनींना मागच्या खोलीत बसवलंस, मला त्या लंगड्या खुर्चीवर, आणि डोक्याला बोट लावून सरळ म्हणालास, 'माझं चालू झालंय. अजून समजतंय तोवर सांगतो. मी गेलो की ह्ये काढून घ्यायचं. जपून ठेवू नका, बघा. अम्माचं मला मागता आलं न्हाय. कुणाला मागणार हुतो? ज्यानं तिला भरवलं त्याला?' मग माझ्याकडं बोट केलंस. 'आणि शिवा, मी पंच्याहत्तरीचा न्हाय. आता वय म्हणून दाखव.' तेव्हा तू साठीही गाठली नव्हतीस. अशा वेळीसुद्धा भांडण जिंकायचं सुचलं तुला. वहिनी म्हणाल्या, 'शब्द दिला.' मी नुसती मान हलवली.

तू गेलास त्या सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात उस्मानभाई माझ्या अंगावर आले. 'मातीला अर्धा भाऊ देऊ काय मी? मास्तर, तुम्ही मित्र का खाटीक?' एवढा मोठा आवाज की नर्सा बाहेर आल्या. वहिनी बाकावर बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, 'भाईजान, त्यांनी माझ्यासमोर सांगितलंय. मी शब्द दिलाय. सगळं विसरले ते, पण ह्याचं विचारायचं विसरले न्हाईत. लक्षात हाय न्हवं, लक्षात हाय न्हवं, असं विचारत ऱ्हायले.' उस्मानभाई भिंतीला टेकले. मी तेव्हा कबूल केलं, बघून झालं की उरलेलं सगळं परत आणून देईन, तुमच्या हातानं मातीत ठेवा. ते हो म्हणाले नाहीत. वाटेतून बाजूला झाले.

तुझी सुनंदा, जी तुझ्या हाताखाली शिकली आणि आता तुझी लॅब चालवते, तिनं सगळं केलं. तू शिकवलंस तसं, घाई न करता. एकदाच ती हातमोजे काढून बाहेर आली, तोंड धुतलं आणि परत आत गेली.

मुरायला ठेवलं. तोवर तुझा चाळिसावा आला. मी मलकापूरला गेलो ते पिशवीत पातं घेऊन. दात्याचं, तू बिघडवलेलं. नवीन पातं मागवता आलं असतं, सुनंदा तेच म्हणत होती. मी ऐकलं नाही. जेवणं झाल्यावर उस्मानभाईंसमोर ते ठेवलं. कशाचं आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही. बराच वेळ नुसता अंगठा फिरवत बसले. मग दगड घेतला. पाहुणे निघून गेले, सावल्या लांबल्या, ते घासतच होते. शेवटी चामड्यावर ओढून, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

'लागंल असं कापू नका,' म्हणाले.

इस्माईल, मी केमिस्ट्रीचा माणूस. मेलेल्याला लागत नाही हे मला कळतं. पण मी 'नाही लागू देणार' म्हणालो, आणि सुनंदालाही तेच सांगितलं, आणि तिनंही मान हलवली.

चांदी मी केली. कपाटातली ती काळ्या कागदाची बाटली काढली. तळाला थोडे स्फटिक उरले होते, उजेड न लागल्यामुळे अजून पांढरे. पुरतील की नाही अशी धाकधूक होती. पुरले. काचेची कांडी, ऊर्ध्वपातित पाणी, अंधार. अमोनियाचं द्रावण काम झाल्या झाल्या टाकून दिलं, तुझ्या नावानं मोठ्यानं ओरडून. माझी बोटं काळी झालीत आणि मी ती कुणापासूनही लपवत नाही. पोरं विचारतात, मी सांगतो.

दिसलं, मर्दा. जिकडं तिकडं दिसलं. तुझ्या पेशीपेशीत ते काळे गुंते, मधे डागच डाग, जयसिंगपूरच्या मास्तरांपेक्षा कितीतरी दाट. सुनंदा म्हणाली, सर बरोबर होते. मी म्हणालो, त्याला कळू देऊ नका, डोक्यावर बसेल. आणि मग त्या लंगड्या खुर्चीवर बसून मी मोठ्यानं रडलो. ह्याला म्हातारचळ म्हणणारा माणूस आता मला भेटू दे फक्त. सुटला म्हणणारासुद्धा. हात धरून आणीन आणि मायक्रोस्कोपवर डोकं दाबून धरीन, बघ म्हणेन, ह्याच्याशी लढला तो. औषध नाही हे मलाही माहीत आहे. पण नाव नसलेल्या गोष्टीवर औषध कोण शोधणार? तू नाव मागत होतास. तुझ्यापुरतं ते मिळालं, आणि आपल्या भांडणात मी हरलो.

परवा उस्मानभाई आले, उरलेलं न्यायला. मी पांढऱ्या कापडात बांधून ठेवलं होतं. त्यांनी ते छातीशी धरलं, निघाले, आणि दारातून परत फिरले.

'दाखवा,' म्हणाले.

त्यांना मायक्रोस्कोपवर बसवलं. एक डोळा मिटायला जमेना, मी हातानं झाकला. बराच वेळ बघत होते.

'ह्ये काळं?'

'व्हय.'

'ह्यानं खाल्लं माझ्या भावाला?'

'व्हय.'

'आणि अम्माला?'

इस्माईल, हो म्हणायला किती सोपं होतं. त्या माणसानं अम्माला वर्षानुवर्षं भरवलं, तिनं त्यांना शिव्या दिल्या, ओरबाडलं, आणि आपलंच काही चुकतंय का ह्या विचारानं ते झुरले, हे त्यांच्या डोळ्यावर धरलेल्या माझ्या काळ्या बोटांनाही कळत होतं. पण तू मागं उभा होतास. जे बघितलं नाही ते सांगायचं नाही, म्हणत.

'अम्माचं बघितलं नाही, उस्मानभाई. असणार असं वाटतं. पण ठाम सांगता येत नाही.' मग राहवलं नाही. 'ह्या काळ्यातली चांदी मात्र अम्माची आहे. तिचा तोडा आहे तो.'

त्यांनी पुन्हा डोळा लावला. ह्या वेळी एक डोळा आपोआप मिटला. गाठोडं मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर.

'मला अजून सगळं आठवतंय,' ते बघता बघताच म्हणाले. 'उद्याचं कुणी सांगावं. पर आठवू दे न्हाय तर ऱ्हाऊ दे, माझं झालं की माझंबी बघायचं. दोघांचं शेजारी ठेवून बघा, म्हंजे इस्माईल सांगायचा त्ये तुमचं वय का आजार भांडण तरी मिटंल.'

एवढं म्हणून ते उठले, तुला छातीशी धरून दाराकडं गेले आणि तिथून ओरडले, 'आणि पातं कुणाला लावाय देऊ नका, मास्तर. मी असंस्तवर दरसाल येऊन लावून ठिवतो.'